दोन जीबीचं दप्तर

ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणत. साहेबसुद्धा म्हणत, आणि साहेब त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे होते. सुरुवातीला काकूंनी हे मनाला लावून घेतलं, मग नाद सोडला. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या लहानशा कंपनीत बावीस वर्षं पत्रव्यवहार त्यांच्याकडे होता. आधी कागदाचा, नंतर मेलचा. येणारा आणि जाणारा प्रत्येक मेल त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून जायचा आणि तिथल्याच एका फाइलमध्ये साठायचा. बाहेरच्या सर्व्हरवर महिन्यापलीकडे काही राहत नसे. म्हणजे कंपनीला जे काही आठवत होतं, ते त्या एका फाइलमुळे. काकू तिला दप्तर म्हणत.

सोमवारी सकाळी दप्तराने संप पुकारला. पडद्यावर एक चौकोन आला: फाइलने कमाल आकार गाठला आहे. काकूंनी तो बंद केला. तो परत आला. असं अकरा वेळा झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो काही कंपनीचा माणूस नव्हता, चौदा ऑफिसं सांभाळायचा, आणि बोलता बोलता दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असायचा.

"तुमची फाइल जुन्या पद्धतीची आहे," तो म्हणाला. "तिला दोन जीबीची मर्यादा. नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये पन्नास मावतात."

"मग नवी द्या."

"देतो की. बुधवारी येतो. तोवर जड मेल काढून टाका."

"पण नवी कुठली, जुनी कुठली, ओळखायचं कसं?"

"बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. नावातल्या टिंबापुढची तीन अक्षरंही तीच. आतून वेगळ्या."

काकूंनी हे कागदावर लिहून घेतलं आणि तीनदा वाचलं. तिन्ही वेळा ते डोक्यावरून गेलं. पण काढून टाकणं म्हणजे काय, हे कळत होतं. तेवढं करायचं ठरवून त्यांनी पदर खोचला.

आवराआवरीचे त्यांचे नियम ठरलेले होते. पहिला नियम जुना: पाठवणाऱ्याला माणसाचं नाव नसेल, तर ते वाचायचंच नाही. असे मेल बरेच येत. कसली तरी यंत्रणा, कसली तरी सूचना, खाली अर्धं पान आकडे आणि तिरक्या रेघा. ज्याला नावगाव नाही त्याच्याशी आपला काय संबंध, असं म्हणून त्या असले मेल आल्याबरोबर एका फोल्डरमध्ये ढकलत आणि विसरून जात. सोमवारी त्यांनी तो फोल्डर आख्खा उडवला. हजारभर तरी निघाले.

दुसरा नियम त्या दिवशी बनवला. सगळे मेल वजनाच्या क्रमाने लावायचे आणि वरून सुरुवात करायची. वर बघतात तर एकच नाव पुन्हा पुन्हा: फिटर. कंपनीचा सगळ्यात जुना फिटर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. एक बोल्ट सैल असला तरी बारा फोटो पाठवायचा. बोल्ट समोरून, बोल्ट बाजूने, बोल्टशेजारी त्याचा अंगठा. ऑफिसात काकूंना ताई म्हणणारा तेवढा एकच माणूस, म्हणून काकूंचा त्याच्यावर जीव होता. पण दोन जीबी म्हणजे दोन जीबी. तीन वर्षांचे सगळे अंगठे त्यांनी उडवले. त्याचे मेल त्यांनी ज्या ज्या इमारतींना पुढे धाडले होते, ते मेलही उडवले. मग कचऱ्याची टोपली रिकामी केली आणि मोठ्या समाधानाने फाइलचा आकार पाहिला.

दोन जीबी. शेवटचा आकडासुद्धा हललेला नव्हता.

काकूंनी आणखी चारशे मेल काढले. परत पाहिलं. तेवढीच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेवढीच. आता मात्र त्यांना घाम फुटला, कारण काढून टाकलेलं शोधायला गेलं तर सापडत नव्हतं, आणि गेलं म्हणावं तर फाइल कमी होत नव्हती.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवरा शिंपी. चाळीस वर्षं कापड कापलेला माणूस, आणि कात्रीबाहेरच्या विषयांवरही त्याचं मत तयार असायचं.

"कापलं की कमी होतंच," तो म्हणाला. "होत नसेल तर तू माप चुकीचं घेतेयस."

"माप मी घेत नाही. ते आपोआप येतं."

"आपोआप आलेल्या मापाचे कपडे कुणाला बसलेत का आजवर?" असं म्हणून त्याने भाजी वाढून घेतली आणि विषय मिटवला. काकू रात्रभर कूस बदलत राहिल्या.

मंगळवारी सकाळी फोनवर कॉम्प्युटरवाला हसला. "अहो, डिलीट केलं की आत जागा मोकळी होते. फाइल लहान होत नाही. ती आकसवावी लागते. सेटिंगमध्ये बघा, 'आकसवा' असं बटण आहे."

काकूंनी बटण शोधलं आणि दाबलं. एक पट्टी थोडी सरकली, थांबली, आणि नवा चौकोन आला: फाइल लहान करण्यासाठी पुरेशी जागा नाही.

काकूंनी हात टेकले. लहान व्हायलासुद्धा जागा लागते, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, असंच असतं, ती आधी शेजारी नवी फाइल बनवते आणि मग जुनी टाकते, तुमची डिस्क भरलीय, राहू द्या, उद्या मी येतोच. काकूंनी फोन ठेवला. चहा मागवावा असा विचार करत होत्या, तेवढ्यात दारात फिटर दिसला. टोपी हातात होती. तो ऑफिसात टोपी कधी काढत नसे.

काल संध्याकाळी ग्रंथालयाची लिफ्ट घसरली होती. दुसऱ्या मजल्यावरून निघाली आणि ब्रेक न लागता अर्धा मजला खाली आली. आत ग्रंथपाल बाई होत्या. त्यांचं मनगट मोडलं.

"आठ महिन्यांपूर्वी मी लिहिलं होतं, ताई," फिटर म्हणाला. "ब्रेकची गादी झिजलीय, बदलल्याशिवाय चालवू नका. फोटो पण जोडले होते. ग्रंथालयवाले म्हणतात, आम्हाला कुणी कळवलंच नाही. परवा तपासनीस चौकशीला बसणार आहेत. कागद दाखवला नाही तर माझा परवाना जातो."

"तुमच्या फोनमध्ये असेल ना?"

"तो फोन मागच्या हिवाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पडला." तो समोरच्या खुर्चीवर टेकला. "पण तुमच्याकडे आहेच की. मी तेव्हा विचारलं होतं, कळवलंत ना? तुम्ही म्हणालात, कळवलं."

काकूंना आठवत होतं. लख्ख आठवत होतं. त्यांनी तो मेल त्याच दिवशी पुढे धाडला होता. फिटर दर वेळी "कळवलंत ना?" असं विचारायचा आणि त्या दर वेळी न पाहता "कळवलं" म्हणायच्या, पण त्या वेळी खरंच कळवलं होतं. अडचण दुसरीच होती. तरीही त्यांनी शोधल्यासारखं केलं. ग्रंथालय. ब्रेक. गादी. काही नाही. फिटर पडद्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी काल तुमचे सगळे मेल काढून टाकले. जड होते म्हणून."

फिटरने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. त्याने रागावून घ्यावं असं काकूंना फार वाटलं, पण तो रागावला नाही, आणि मग त्यांना रडू यायला लागलं. ते आवरायला म्हणून त्या पडद्यावरचा आकडा बघत बसल्या. दोन जीबी. मेला आकडा. इतकं उपसलं तरी जागचा हलत नाही.

मग त्यांच्या मनात आलं, की कमी झालं नाही, तर गेलं कुठे?

त्यांनी परत फोन लावला आणि हेच विचारलं. पहिल्यांदाच कॉम्प्युटरवाला त्यांच्याशी बोलताना दुसऱ्या कुणाशी बोलला नाही.

"आकसवा पूर्ण झालं नाही ना?"

"त्याला जागा नव्हती."

"मग परत दाबू नका. मेल घेऊ नका, पाठवू नका, कशालाच हात लावू नका. अनुक्रमणिकेतली ओळ खोडली तरी पान पुस्तकात असतंच, तसं आहे ते. वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर निघेल. बंद करून ठेवा."

काकूंनी कॉम्प्युटर बंद केला. फिटरने पिशवीतून आपली पाटी काढली आणि पडद्यावर अडकवली: काम चालू आहे, वापरू नये. दिवसभर साहेब येता-जाता त्या पाटीकडे बघत राहिले. त्यांनी दोनदा विचारलं आणि काकूंनी दोनदा सांगितलं, पण त्यांना काही कळलं नाही. मंगळवार तसाच गेला.

बुधवारी कॉम्प्युटरवाला मोठी डिस्क घेऊन आला. दप्तराची नक्कल केली, नकलेवर कसलं तरी दुरुस्तीचं काम लावलं, आणि दोन तास ते घरघरत राहिलं. शेवटी 'सापडलेले' नावाचा फोल्डर तयार झाला. त्यात सगळं उलटंपालटं होतं, क्रम भलताच, अर्ध्या मेलांना शीर्षक नाही. पण अंगठे होते. काकू एकेक उघडत गेल्या. एकेका बोल्टवरून पुढे सरकत त्या ब्रेकच्या गादीपर्यंत पोचल्या. बारा फोटो. खाली फिटरचा मजकूर: बदलल्याशिवाय चालवू नये. त्याच्या पुढे काकूंनी ग्रंथालयाला धाडलेला मेल, त्याच दिवसाचा.

"झालं तर," कॉम्प्युटरवाला म्हणाला आणि दोन्ही छापायला लावले. "सुटलात तुम्ही, ते पण सुटले."

काकूंचा जीव भांड्यात पडला. फोल्डर बंद करणार, तेवढ्यात त्यांना खालचा मेल दिसला. त्याच दिवसाचा, चार मिनिटांनंतरचा. पाठवणाऱ्याला माणसाचं नाव नव्हतं. एरवी त्यांनी तो उघडला नसता, पण आता सगळं उघडायची सवय लागली होती. अर्धं पान आकडे आणि तिरक्या रेघा. त्यांना त्यातलं ओ की ठो कळेना.

"हे काय आहे?"

कॉम्प्युटरवाल्याने वाकून वाचलं. मग सरळ उभा राहिला. "ग्रंथालयाच्या सर्व्हरने परत पाठवलंय. तुमचा मेल सतरा एमबीचा. ते दहाच्या वरचं घेत नाहीत. म्हणजे…" तो थांबला. "म्हणजे पोचला नाही."

काकूंनी ते वाक्य ऐकलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच एक गोष्ट त्यांना ताबडतोब आणि पूर्ण कळली. ग्रंथालयवाले खरं बोलत होते. फिटर खरं बोलत होता. त्या स्वतःही खोटं बोलल्या नव्हत्या, आणि तरी त्या बाईंचं मनगट मोडलं होतं. आठ महिने हा मेल त्यांच्याच दप्तरात पडून होता, नावगाव नाही म्हणून.

"हा छापायला हवाच असं नाही," कॉम्प्युटरवाला हळू आवाजात म्हणाला. "तपासनीसांना पहिले दोन पुरेत. हा काही कुणी मागितलेला नाही."

ते खरं होतं. दोन कागद दाखवले असते, तर फिटर सुटला असता, काकू सुटल्या असत्या, आणि मोडक्या मनगटाच्या बाई उरलेल्या नोकरीत सांगत बसल्या असत्या, की आम्हाला काही आलंच नाही. काकूंच्या मनात हे सगळं येऊन गेलं. आलं नाही असं म्हणून उपयोग नाही. त्या किती तरी वेळ प्रिंटरकडे बघत होत्या.

"छापा," त्या म्हणाल्या.

दुपारी फिटर आला तेव्हा टेबलावर तीन कागद होते. पहिले दोन त्याने वाचले आणि डोळे पुसले. तिसरा उलटसुलट करून पाहिला. "हा कसला?"

"हा माझा," काकू म्हणाल्या, आणि सांगितलं.

फिटरने कागद परत टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "एवढे फोटो पाठवायला नको होते. दोन पुरले असते."

"फोटो बरोबर होते, भाऊ. मी वाचलं नाही."

"साहेब तुम्हाला ठेवतील का?"

"साहेबांना सकाळीच सांगितलंय. ते तिसऱ्या कागदाची प्रत वाचतायत. कळला की बोलतील."

तपासनीसांना सगळे कागद चौकशीच्या आदल्या दिवशीच, म्हणजे आज, मेलने हवे होते. काकूंनी ते तिन्ही लहान करून घेतले, एक एमबीसुद्धा भरत नाही हे दोनदा पाहिलं, नव्या पद्धतीच्या फाइलमधून पहिला मेल लिहिला, आणि पाठवला. फिटर उठला, टोपी घातली, दाराशी गेला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मागे वळला.

"कळवलंत ना?"

काकूंच्या तोंडात शब्द आलाच होता. त्यांनी तो गिळला.

"पाठवलंय," त्या म्हणाल्या. "बसा जरा. पोचलं की सांगते."