पहाटे मिटणारी नळी

अंदमानच्या अरण्यांवर रात्रभर गरजून थकलेले मेघ विरत होते. त्यांच्याही वर, हिमशीतल, विरळ, निःशब्द हवेत, प्राचीच्या कडेला केशराची रेघ उमटली होती. खाली अजून काळोख होता.

त्या उंच आकाशात अरण्याचा श्वास होता. पानापानांनी दिवसभर सोडलेला अदृश्य वायू वादळानं रात्रीतून उचलून इथवर आणला होता. विजेनं जाळलेली हवा त्याच्या शेजारी होती. आता सूर्यकिरण स्पर्शेल, वायू वायूला बिलगेल, अतिसूक्ष्म कण जन्मतील. आणि तेच वाढत वाढत उद्याच्या ढगांची बीजं होतील. असं ऋजुता केळुसकरचं म्हणणं होतं. संशोधन-विमानातल्या कणमापकापाशी ती बसली होती आणि आतल्या आत धुमसत होती.

कारण सूर्य उगवला की यंत्राची नळी मिटायची. बाहेरची हवा बंद, आत गाळलेली निर्मळ हवा, आणि आकडा शून्यावर येतो का याची तपासणी! वादळाच्या मोजमापाचं काम उरकलेलं, चहाची वेळ झालेली, म्हणून हाच मुहूर्त. वर्षानुवर्षं हाच. ज्या घटकेला आकाश प्रसवतं, नेमक्या त्याच घटकेला या शहाण्यांनी डोळे मिटले, आणि वर ठणकावून सांगितलं की पहाटे काही आढळत नाही. आढळेल कसं, कपाळ!

"सर, आज तपासणी नंतर करू या," ती म्हणाली.

"पायंडा मोडायचा नाही." मोहीमप्रमुख धारप चहावर फुंकर घालत म्हणाले, "पहाटे इथं काही नसतं."

"बघितलंय कुणी?"

"ऋजुता, पुढच्या उड्डाणाला यायचंय ना तुला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यायचं होतं! तारुण्याची सगळी वर्षं तिनं या आकाशापायी वेचली होती. पण मिटल्या नळीपाशी मुकाट बसायला यायचं होतं का? तिनं नळीची झडप उघडीच ठेवली.

सूर्य आला. सुवर्णशर सुटले, निळाई पेटली, आणि पडद्यावरची कणसंख्येची निपचित रेघ हलली. चढली. चढतच गेली.

"यंत्र बिघडलंय. बंद कर ते!" धारपांचा हात झडपेकडे आला.

"हात लावू नका, सर." तिचा आवाज थरथरत होता, संतापानं. "पुढच्या उड्डाणाला खुशाल दुसऱ्या कुणाला न्या. पण आज हात लावू नका."

हात थांबला. काचेपल्याड आकाश रिकामं, नितळ, निरागस दिसत होतं. आणि त्या रिकामपणात, कुणाचीही परवानगी न विचारता, कण जन्मत होते, जन्मत होते, जन्मतच होते.