फडताळावरचा भुशाचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. भंडारा जिल्ह्यातल्या आंबागड गावात मंगरू वाढईचं, म्हणजे सुताराचं, घर आहे. त्या घराच्या छपरीतल्या, म्हणजे पडवीतल्या, भिंतीत एक फडताळ आहे आणि त्याला दार म्हणून मला बसवलेलं आहे. माझा रंग उडाला आहे, खालचा एक कोपरा थोडा सुजला आहे आणि कडीभोवती हातांचा मळ साचला आहे. दिसायला मी काही खास नाही, हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला सांगायचे कष्ट नकोत. पण या घराला कुलूप लागायची वेळ आली होती, तेव्हा ते टळलं, त्यात माझा थोडा हात आहे. तीच गोष्ट सांगतो.

सागवानाला विचारा, ते आपल्या डोंगराचं नाव ऐटीत सांगेल. मी कुणाचं नाव सांगू? तुमसरच्या वाटेवर टेकचंद सेठची आरागिरणी होती. तिथे ओंडके कापले जात आणि करवतीखाली भुसा, चिपा, सालपटं यांचे ढीग पडत. आसपासच्या बाया थोडा भुसा शेगडीसाठी टोपल्यांतून नेत. बाकीचा पेटवून दिला जाई. सेठना तो धूर बघवत नसे. शहात्तर सालच्या सुमारास त्यांनी कुठूनशी एक जुनी प्रेस आणली. भुसा वाळवायचा, त्यात चिकट औषध कालवायचं, पत्र्यावर सारखा पसरायचा आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचा. रत्नाबाई नावाची बाई तो भुसा पसरत असे, थालीपीठ थापावं तसा, हलक्या हाताने. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगातून वाफा निघत होत्या. माझ्यात साग होता, ऐन होता, बिजा होता, आणि बहुधा एखाद्या बाभळीचंही सालपट होतं. म्हणजे मी अख्ख्या जंगलाचा नातेवाईक, पण बारशाला कुणीच आलं नाही.

कारखान्यात माझ्यासारख्या तक्त्यांची थप्पी लागली. घ्यायला कुणी येईना. लोक यायचे, बोटाने टकटक वाजवायचे, "नकली लाकूड हाय" म्हणायचे आणि जायचे. शेवटी सेठनी मला बसच्या टपावर टाकलं आणि आंबागडला मंगरूकडे आणलं. मंगरूचा शब्द त्या भागात मोठा होता. गावोगावच्या चौकटी, पाळणे, बैलगाड्या त्याच्या हातच्या होत्या.

पण त्या दिवसांत मंगरूचा वाकस, लाकूड तासायचं हत्यार, नुसता खुंटीला टांगलेला होता. जंगलखात्याच्या डेपोतला चांगला साग बाहेरचे ठेकेदार उचलून नेत. गावाच्या वाट्याला जळणाची फाटी तेवढी उरत. लाकूडच नाही तर वाढई करणार काय? त्याचा मेहुणा भैय्यालाल नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर होता. "इकडं या, रोजचं काम हाय," असा त्याचा निरोप एकसारखा येत होता. सेंट्रिंगचं काम म्हणजे स्लॅब टाकण्याआधी फळ्या ठोकायच्या आणि स्लॅब वाळला की उखडायच्या. ज्याच्या हाताने चौकटी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्याने उद्या उखडायच्या फळ्या ठोकायच्या. मंगरूच्या घशाखाली ही गोष्ट उतरत नव्हती, पण पोट थांबत नाही.

मला पाहून तो हसला. "सेठ, हे लाकूड हाय का भाकर? भुसा थापून कुठं लाकूड होते काय?"

"मंगरूभाऊ, हसू नोका," सेठ म्हणाले. "जंगल कमी होऊन राहिलं अन् घरं वाढून राहिली. जवाहरनगरच्या फॅक्टरीचे किती क्वार्टर झाले, पाहा. साऱ्यायले पलंग पायजे, आलमारी पायजे. इतला साग कुठून आणसान? पुढचे दिवस याचेच हायेत. पन तुमचा रंधा याच्यावर फिरल्याबिगर या भागातला मानूस याले हात लावनार नाई. सवडीनं पारखून पाहा." एवढं बोलून ते परतीच्या बसने निघून गेले.

मंगरू न्यायी माणूस. पारखायचं म्हणजे पारखायचं. आमच्याकडे कोवळं लाकूड आधी बोडीत बुडवून ठेवतात. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी देणारं लहान तळं. पाण्यात लाकडाचा रस निघून जातो, मग त्याला कीड लागत नाही आणि ते सहसा फाटत नाही. मंगरूच्या हाताखाली येणारं प्रत्येक लाकूड आधी तिथे जाऊन यायचं. पाहुण्याचा मान कमी पडू नये, म्हणून मलाही तोच नियम लागला. त्याने मला करवतीने मधोमध कापलं. अर्धा भाग नेऊन सागाच्या फळ्यांशेजारी बोडीत ठेवला आणि वर दगड ठेवले. उरलेला अर्धा, म्हणजे मी, छपरीत टेकून राहिलो. मित्रांनो, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सागावर जी माया करायची, तीच त्याने माझ्यावर केली. पण माझा जीव छपरीत बसून नुसता कासावीस होत होता.

महिन्याभराने दगड काढले. सागाच्या फळ्या काळ्याभोर, घट्ट निघाल्या. माझा अर्धा भाग उचलायला गेले तर तो हातातच सुटला. भिजलेल्या पोह्यांसारखा त्याचा लगदा झाला होता. नेमके त्याच आठवड्यात टेकचंद सेठ आले. मंगरूने त्यांना बोडीच्या काठावर नेलं आणि खाली मान घालून म्हणाला, "सेठ, वाईट वाटून घेऊ नोका. हे आपल्या कामाचं नाई." सेठनी वाकून तो लगदा बोटांनी चाचपला. त्यांचा सगळा कारखानाच जणू त्या काठावर पडला होता. चहासुद्धा न घेता ते गेले.

मंगरूने आपल्या हत्यारांना तेल लावलं आणि ती गोणपाटात गुंडाळायला घेतली. नागपूरला जायचं ठरलं. तेव्हा त्याची बायको आनंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फडताळाचं जुनं दार सुकून आकसलं होतं आणि कडेला फट पडली होती. त्या फटीतून मांजर आत शिरायची.

"तुमी नागपूरले जासान तेवा जासान," ती म्हणाली. "तवरक मांजर रोज दूध पिऊन राहिली, तिचं काय? हा तुकडा पडला हाय ना, द्या ठोकून."

"हा? हा टिकनार नाई."

"मले जलमभर टिकवायचा नाई जी. मांजर थांबली म्हंजे झालं."

अशा रीतीने मला जगात पहिलं काम मिळालं, ते मांजर अडवण्याचं. मंगरूने मला नाइलाजाने बसवलं. बसवताना माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

भैय्यालालच्या मुकादमाचं काम काही दिवस लांबलं, म्हणून मंगरू थांबला. तेवढ्यात वैशाख लागला. आमच्याकडचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे. घरातला पाट तडकला, पाळण्याची दांडी वाकली, शेजारच्या घराचं सागवानी दार पीळ खाऊन चौकटीतून हलेना. मी मात्र होतो तसाच सरळ. मांजर रोज यायची, पंजा मारून बघायची आणि माझ्याकडे रागाने पाहत निघून जायची. मला फार बरं वाटायचं.

एका दुपारी मंगरू पाणी प्यायला छपरीत आला आणि माझ्यासमोर थांबला. त्याने गोणपाट सोडून काटकोन तपासायचा गुण्या काढला आणि माझ्या कोपऱ्याला लावून पाहिला. मग दुसऱ्या कोपऱ्याला. मग माझ्या अंगावरून तळहात फिरवला. आनंदाबाई चुलीजवळून सगळं पाहत होती.

"पोहे भिजवले तं फुगनारच," ती म्हणाली. "म्हनून कोनी पोहे खायचं सोडते काय? त्याईले कोरड्या डब्यात ठेवते मानूस."

मंगरूने गुण्या खाली ठेवला. आता त्याच्या ध्यानात आलं. सागाला बुडवतात ते त्याच्या अंगातला रस काढायला. माझ्या अंगातला रस तर प्रेसमध्येच जळून गेला होता. मला पाण्याची गरजच नव्हती. चूक तक्त्याची नव्हती, परीक्षाच भलत्याची होती. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या बसने तुमसरला गेला आणि सेठना म्हणाला, "द्या तक्ते. पन याच्या काठातून पानी शिरते. मी चारी बाजूनं सागाची बारीक पट्टी मारीन, मंगच घराबाहेर काढीन." एका पलंगाला लागणाऱ्या सागात आता कित्येक आलमाऱ्यांच्या पट्ट्या निघणार होत्या. सेठनी त्या दिवशी आग्रहाने चहा पाजला.

पण लोक असे लगेच वळत नाहीत. दोन-चार पलंग जवाहरनगरच्या क्वार्टरांत गेले. तिथल्या लोकांची बदली होते, त्यांना हलकं सामान आवडतं. गावातला माणूस मात्र ढिम्म. बोडीतला लगदा सगळ्यांनी पाहिलेला होता ना! पारावर बसलेले म्हणायचे, "मंगरू आमाले भुसा देते. सोताच्या पोरीले काय देते ते पाहू." काही वर्षं अशीच ओढाताणीत गेली. मंगरूची एकुलती एक मुलगी गुलाब लग्नाची झाली. पवनीचं स्थळ जमलं. भैय्यालालने कळवलं, "लग्नाले येतो, अन् तुमाले संगंच घेऊन जातो." या वेळी मंगरूने नाही म्हटलं नाही. गुलाब सासरी गेली की घराला कुलूप लावायचं, असं नवराबायकोने ठरवून टाकलं.

गुलाबच्या आंदणाची आलमारी मंगरूने आमच्या तक्त्यांचीच केली. साग हवा तेवढा मिळत नव्हता, हे खरं. पण त्याचा विश्वासही तेवढा बसला होता. काठाला सागाच्या पट्ट्या, वर पॉलिश असं की बघणाऱ्याने डोळे मिटून सागवान म्हणावं. आनंदाबाई हळूच म्हणाली, "कोनाले सांगू नोका जी. कोनी वळखनार नाई. पोरीची मान खाली नोको जायले." मंगरू तेव्हा पॉलिशचं फडकं फिरवत राहिला.

आमच्याकडे आंदणाचं सामान मांडवात मांडून ठेवतात आणि वऱ्हाडी ते पाहत फिरतात. माझ्या फडताळातून सगळा मांडव दिसत होता. व्याही कृष्णराव पवनीचे, किराणा दुकानदार. ते आलमारीपाशी आले, दार उघडलं, मिटलं, पट्टीवरून बोट फिरवलं आणि आपल्या पाहुण्यांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "पाहा बाप्पा! अस्सल सागवान!"

माना डोलल्या. मंगरू समोरच उभा होता. त्याने नुसतं हसून चालण्यासारखं होतं. आनंदाबाईने पदर तोंडाशी धरला. भैय्यालाल मेहुण्याकडे पाहत होता. गावातली पारावरची मंडळी मागे उभी होती. मित्रांनो, मी लाकडाचा भुसा आहे, मला काळीज नाही. तरी त्या क्षणी माझ्यात काहीतरी धडधडलं.

"नाई इवाई," मंगरू म्हणाला. "सागवान फक्त पट्टीचं हाय. बाकी बोर्ड हाय. भुशाचा."

कृष्णरावांचा हात आलमारीवरच राहिला.

"टिकन काय?"

"पान्यात टाकसान तं एका महिन्यात जाईन. मीनं टाकून पायलं हाय, साऱ्या गावाले ठाव हाय. कोरडी ठेवसान तं तुमच्या नातवायले पुरन. खोटं सांगून पोर देनार नाई मी."

कृष्णरावांनी आलमारीचं दार पुन्हा एकदा उघडून मिटलं. मग ते मोठ्याने हसले. "मी काय आलमारी वैनगंगेत ठेवनार हाय काय जी? मंग माह्या दुकानाच्या मांडण्याबी तुमीच करा. दरवर्षी सागाचे भाव विचारून थकलो मी." गुलाबने मुंडावळ्यांआडून बापाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. पारावरच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. पंगत उठायच्या आत त्यांच्यातल्या एकाने मंगरूला बाजूला घेऊन पलंगाचं विचारलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. भैय्यालाल एकटाच नागपूरला परतला आणि या घराला कुलूप लागलं नाही. टेकचंद सेठनी दुसरी प्रेस घेतली. सरकारने जंगलतोडीवर बंधनं घातली तसा बोर्डाला आणखी भाव आला. आता शेतकरी बांधांवर सुबाभूळ आणि निलगिरी लावतात आणि त्यांच्या फांद्यासुद्धा ट्रकने कारखान्यात जातात. पाण्याला दाद न देणारे नवे तक्तेही निघाले आहेत, त्यांची मला थोडी असूया वाटते. सेठ म्हणतात, हा धंदा अजून कितीतरी वाढणार आहे. वाढू दे. फक्त वाढताना जंगलाचं भानही राहू दे, कारण माझे सगळे नातेवाईक तिथेच उभे आहेत.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. गेल्या पावसाळ्यात छपरी गळली आणि माझा कोपरा सुजला. माझं मागणं मोठं नाही. घरातली कुठलीही वस्तू जपायची असेल, तर आधी ती कशाची आहे हे समजून घ्या. सागाला जे मानवतं, ते मला मानवत नाही. मला ओल्या फडक्याने पुसू नका, भिंतीची ओल लागू देऊ नका. आणि मी जो आहे, तोच म्हणून मला वापरा.

परवा गुलाब नवऱ्यासह माहेरी आली होती. जावयाने माझा सुजलेला कोपरा पाहिला आणि म्हणाला, "मामाजी, हे दार बदलवून टाकू. मस्त चकाकनारं नवीन आनतो."

मंगरू खाटेवर बसला होता. आता त्याला नीट दिसत नाही. तो उठला, भिंत चाचपत माझ्यापर्यंत आला आणि माझ्यावर हात ठेवून उभा राहिला.

"नोको बाबू," तो म्हणाला. "हे हाय म्हनून मी या गावात हावो."