तिकडनं आलेली वाकळ

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ आहे. शहरातली माणसं मला गोधडी म्हणतात, म्हणू देत बापडी. सध्या मी जयसिंगपुरातल्या एका घरी असते. अंगावर ठिगळं आहेत, पण मनात जे आहे ते आज बोलूनच टाकते.

माझा जन्म कागलचा. मी जिची वाकळ, ती तेजस्वी तेव्हा आईच्या पोटात होती; तिच्या दोन्ही आज्या मला शिवायला समोरासमोर बसल्या. बाळाबाई ही वडिलांची आई, तिचं तांबडं लुगडं माझ्या एका अंगाला. अंबूबाई ही आईची आई, ती जयसिंगपूरहून स्वतःचं हिरवं लुगडं घेऊन आली, ते दुसऱ्या अंगाला. एकीनं या टोकाकडून टाके घालायचे, दुसरीनं त्या टोकाकडून, आणि मध्ये चहा. "लेकराला दोन्हीकडची ऊब पायजे की," अंबूबाई म्हणाली होती. मी विसरलेली नाही.

तेजस्वी माझ्यातच वाढली. माझा एक कोपरा तोंडात धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. चोखून चोखून तिनं तिथले टाके उसवले. त्या कोपऱ्याचा मला फार अभिमान होता.

मग घरात आवाज वाढले. तिचे वडील सम्राट एमआयडीसीत पाळ्या करून दमून यायचे, आई संयोगिता दिवसभराचं साठवून बसलेली असायची. कोण चुकलं ते मला विचारू नका. एके दिवशी संयोगिता लेकीला आणि मला घेऊन माहेरी आली आणि प्रकरण कोल्हापूरच्या कुटुंब न्यायालयात गेलं. न्यायाधीशबाईंनी दोघांचं ऐकून ठरवून दिलं की मुलगी आईजवळ राहील, दर शनिवारी वडिलांकडे मुक्कामाला जाईल आणि तिची वाकळ तिच्यासोबत जाईल. भर कोर्टात माझं नाव निघालं, मी फुगून गेले.

पहिल्याच शनिवारी कागलच्या अंगणात बाळाबाईनं मला पिशवीतून ओढलं. नाकाला लावलं आणि लांब धरलं.

"तिकडनं आलीया. आदी पाण्यात घालतो, मग घरात घेऊया."

वाकळ भिजली की म्हशीसारखी जड होते, मित्रांनो. एका दिवसात काय वाळते? रात्री मी दोरीवर आणि तेजस्वी नव्या मऊ ब्लँकेटात टक्क जागी. रविवारी मला दमटच पिशवीत कोंबलं. जयसिंगपुरात अंबूबाईनं पिशवी उघडली.

"काय वास मारतोय ह्येचा! तिकडचा साबण तसला. थांब, भिजू घालतो."

पुन्हा मी पावसाळी हवेत चार-पाच दिवस दोरीवर, पुन्हा पोरगी जागी. असं दर खेपेला चाललं. कोर्टाच्या हुकमापुढं दोघींचं काही चालत नव्हतं, मग त्यांनी सगळा राग माझ्यावर काढला. धोपटून धोपटून माझा रंग गेला. जिनं शिवलं तिनंच बडवलं, सांगू कुणाला?

तेजस्वी सुकत चालली. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची. संयोगितानं कोर्टात सांगितलं, तिकडून आली की मुलगी झोपत नाही, मुक्काम बंद करा. सम्राट म्हणाले, मुलगी माझ्याकडे येते तीच पेंगुळलेली, तिला तिकडेच झोप मिळत नाही. दोघंही मनापासून बोलत होते. आपल्या घरची दोरी मात्र कुणालाच दिसली नाही.

कोर्टातल्या समुपदेशक मॅडमनी तेजस्वीला खेळण्यांच्या खोलीत जवळ घेतलं. मी तिच्या मांडीवर होते.

"झोप का येत नाही गं बाळा?"

तिनं माझा कोपरा मुठीत धरला आणि दाराकडं पाहिलं. दाराबाहेर दोन्ही आज्या बसल्या होत्या.

"म्हाईत न्हाय," ती म्हणाली.

तिला माहीत होतं, मित्रांनो. खरं सांगितलं तर कुठल्या आजीला बोलणी बसतील, तेही तिला माहीत होतं. पाच वर्षांच्या पोरीला एवढं कळू नये. मला तोंड असतं तर मी तिथं ओरडले असते.

मुक्काम बंद झाला. आता सम्राट महिन्यातून दोन रविवारी येतात आणि दिवसभर फिरवून तिला संध्याकाळी परत सोडतात. मी कुठं जात नाही, म्हणून मला कुणी धूत नाही. मी कोरडी आहे, मऊ आहे.

मागच्या रविवारी तेजस्वी परत आली, ती माझ्याकडं आलीच नाही. सरळ मोरीत गेली आणि फ्रॉकसकट बादलीपाशी बसली.

"आज्जी, मला धू," ती म्हणाली. "मी तिकडनं आलोय न्हवं?"

अंबूबाई पदर तोंडात धरून रडायला लागली. तेजस्वी मात्र वाट बघत बसून होती.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. मोठे झालात की मला खुशाल धुवा, ऊन बघून धुवा. पण लेकराच्या अंगाला दुसऱ्या घरचा वास आला तर तो राहू द्या. तो मळ नसतो.

त्या रात्रीही ती माझ्यावर झोपली, पण कोपरा तिनं तोंडात धरला नाही.