अर्धं दाखवलेलं भांडण

मी माईक बोलतोय. बोटाने टकटक करून तुम्ही "हॅलो, हॅलो" म्हणता, तो नव्हे. तो आमच्यातला थोरला. मी कॉलरला लावायचा छोटा माईक. काडीच्या गुलाएवढं डोकं, दोऱ्यासारखी वायर आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला कमरेला अडकवायची डबी. आजवर माझ्यातून पुष्कळ माणसं बोलली. आज मी माझं सांगतोय, कारण एक गोष्ट मी पूर्ण ऐकलीय आणि लोकांनी अर्धीच.

माझा जन्म कारखान्यातला. लांब टेबलापाशी बसलेल्या बायका भिंगातून बघत आम्हाला वायरी जोडायच्या. शेवटी एक मुलगी एकेकाला तोंडाजवळ धरून काहीतरी बोलून बघायची. माझ्या वाट्याला "आज मी डबा विसरले गं" हे वाक्य आलं. बारसं म्हणा हवं तर.

पुढे मला आवाजाचं सामान भाड्याने देणाऱ्या एका माणसाने विकत घेतलं. पहिली काही वर्षं भाषणांत गेली. वक्ता "मी फार वेळ घेणार नाही" म्हणाला, की बॅटरी पुरणार नाही हे मी ओळखायचो. पण त्या दिवसांत मी एक शिकलो. कॉलरवर बसलं की आवाजाइतकीच माणसाची छातीही ऐकू येते. वरून अगदी थंड दिसणाऱ्यांच्या आत ढोल वाजत असतात.

मग टीव्हीचं काम आलं. एक मोठं संगीत नाटक रंगभूमीवर यायचं होतं. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी आणि बोटीवरचा खलाशी, अशी त्याची गोष्ट. नायक आणि नायिका कोण, हे लोकांनी फोनवरून मतं देऊन ठरवायचं. दर रविवारी संध्याकाळी स्पर्धा थेट दाखवायचे आणि बुधवारी 'पडद्यामागे' नावाचा भाग. मालकाने आम्हा माईकांची पेटी तिकडे पाठवली. बरोबर आमची बाई. तिच्या कानांवर सदा हेडफोन, म्हणून तिला सगळे कानवाली म्हणायचे. स्पर्धकांना माईक लावायचे, काढायचे, आणि काचेमागे बसून कुणाचा आवाज किती ठेवायचा ते बघायचं, हे तिचं काम.

चाचणीच्या दिवशी कानवालीने मला एका बाईच्या कॉलरला लावलं. ही बाई रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांची नावं पुकारायची, त्यामुळे उच्चार कसे लख्ख. सोबत तिचा नवरा, गाडी शिकवणारा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरचा आवाज भरदार आणि शांत. समोरून ट्रक आला तरी "क्लच दाबा, घाबरू नका" असं म्हणणाऱ्याचा असावा तसा. दोघं घरी, मित्रांकडे, सहलीला जोडीने गायचे. इथेही दोघांनी नाटकातलं ठरलेलं गाणं म्हटलं. पहिलं कडवं तिचं, दुसऱ्या कडव्याला तो येऊन मिळतो. टीव्हीवाल्यांना तर असं जोडपं हवंच होतं. निवड झाली.

तेव्हापासून दर रविवारी मी तिच्याच कॉलरवर. पुरुषांची मतं वेगळी, बायकांची वेगळी, पण एका फोनवरून मत मात्र एकच देता यायचं. एकेक जण गळत गेला. ही दोघं टिकून राहिली.

पाचव्या रविवारी सुरुवातीलाच निकाल सांगितला. मास्तर बाहेर. दिवे त्याच्या तोंडावर, आणि तो दुसऱ्याचं अभिनंदन करत हसत उभा. निवेदकाला तेवढ्यावर थांबवेना. त्याने पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरच्या आईपुढे हातातला माईक नेला.

"आई, खरं सांगा, तुम्ही कुणाला मत दिलंत?"

म्हातारी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "फोन एक, मत एक. सुनेला दिलं."

सगळे हसले. निवेदक आणखी पुढे झुकला. "पोटच्या पोराला सोडून?"

"ह्याला मी जन्मापासून ऐकतेय हो. ही घरात ह्याच्या मागे मागे गाते. एकटी कशी गाते, ते ऐकायचं होतं मला."

टाळ्या पडल्या. माझ्या बाईच्या छातीत मात्र काहीतरी धप्पकन बसलं. ते मला टाळ्यांपेक्षा मोठं ऐकू आलं.

जाहिराती लागल्या. मास्तरचा माईक मंचावरच काढून घेतला होता. तिला अजून गायचं होतं, म्हणून मी जागेवरच होतो. पडद्यांच्या मागे लाकडी खोकी रचलेली होती. तिथे त्याने तिला गाठलं.

"आईनेसुद्धा," तो म्हणाला.

"अरे, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं."

"तूही सोड. दोघं आलो होतो, दोघं जाऊ."

ती रडायला लागली. नाक ओढल्याचा आवाज माझ्यावर वादळासारखा आदळला.

हे एवढं बुधवारी लोकांनी ऐकलं. चित्र नव्हतं, नुसता आवाज, खाली मोठ्या अक्षरांत शब्द आणि मागे दुःखी व्हायोलिन. त्यापुढचं मी सांगतो.

"नाही," ती म्हणाली. "मला राहायचंय."

"एकटीला?"

"हो. एकटीला."

मग तो म्हणाला, "बाहेर आई बसलीय. तिच्याशी काय बोलू आता?"

"भूक लागली म्हण. तेवढं म्हटलं की त्यांना बाकी काही सुचत नाही."

तो नाकातून हसला. मग त्याची बोटं माझ्याजवळ आली. "वायर बाहेर आलीय तुझी." त्याने ती नीट आत सारली. "जा. आणि दुसऱ्या कडव्याला घाई करू नको. माझा आवाज येणार म्हणून तू तिथे नेहमी धावतेस. आज नाही येणार. तिथे थांब जरा."

ती गेली, आणि गायली. दुसऱ्या कडव्याआधी थांबली. परीक्षकांत मधल्या खुर्चीवर नाटकाची दिग्दर्शिका बसायची, वयस्कर, कमी बोलणारी. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. तो तुकडा सगळ्यांनी बघितला, पण तो थांबा कुणी शिकवला, ते कुणाला कळलं नाही.

बुधवारनंतर मास्तरची दशा झाली. ते मला पुढच्या रविवारी कळलं, माईक लावताना ती कानवालीला सांगत होती तेव्हा. शिकायला येणाऱ्या दोन बायकांनी येणं बंद केलं. एकीने तर तोंडावर ऐकवलं, "बायकोला ब्रेक लावणारा मला गाडी काय शिकवणार?" त्याच्या गाडीच्या मागे 'शिकाऊ' अशी पाटी असते. तिच्याखाली कुणीतरी खडूने 'नवरा' लिहिलं. सासूबाईंनी बादली घेऊन ते धुतलं आणि धुता धुता स्वतःलाच बोल लावला, की माझ्या जिभेला हाड नाही.

"आणि ते स्वतः काय म्हणतात?" कानवालीने विचारलं.

"म्हणतो, काही बोलू नको. चार दिवसांत लोक विसरतील. तू जिंकून ये."

कानवालीचे हात थांबले. "ते रेकॉर्डिंग माझ्या मशीनवर झालं होतं," ती म्हणाली. "सगळंच रेकॉर्ड होतं, आपोआप. मी पूर्ण दिलं होतं, ताई. त्यांनी कापलं."

तेवढ्यात कार्यक्रमाचा प्रमुख आत आला. हा माणूस कधी ओरडायचा नाही. वाईट बातमीसुद्धा वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखी द्यायचा.

"ताई, अभिनंदन! तुमची मतं दुप्पट झालीत."

"अर्धंच दाखवलंत तुम्ही."

"वेळ कुठे असतो हो? गाणीही दाखवायची असतात ना."

"पुढचं दाखवा मग या बुधवारी."

"पुढचं छान आहे," तो मनापासून म्हणाला, "पण त्यात भांडण मिटतं. मिटलेलं भांडण कोण बघणार?"

तो गेला. ती आरशासमोर बसून राहिली. तिच्यासमोर काय होतं ते मला समजत होतं. चार बायका उरल्या होत्या. गप्प बसली तर अंतिम फेरी जवळपास हातात. लॅबच्या काउंटरवर बसून तिने रोज दुसऱ्यांची नावं पुकारली होती. आता कुठे लोक तिचं पुकारत होते. आणि गप्प राहा म्हणून नवराच सांगत होता. तिची छाती ऐकून मला वाटलं, ही गप्प राहील.

कार्यक्रम सुरू झाला. तिची पाळी आली. निवेदक गोड आवाजात म्हणाला, "घरातून विरोध असतानाही जी उभी राहिली..."

"विरोध नाहीये," ती म्हणाली.

निवेदकाचं हसू जागच्या जागी राहिलं.

"तुम्ही बुधवारी ऐकलंत ते माझ्या नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं. हरल्यावर माणूस बोलतो तसं. त्यानंतर मी नाही म्हटलं आणि तो बरं म्हणाला. दुसऱ्या कडव्याआधी मी जी थांबले, तेही त्यानेच सांगितलं होतं. ते कापलंय."

"आपण एक छोटीशी विश्रांती..." निवेदक सुरू झाला.

पुढचं कानवालीने नंतर माझ्या देखत दहा जणांना सांगितलं, म्हणून मला माहीत. काचेमागे प्रमुख म्हणाला, "तिचा माईक बंद कर." माझी पट्टी कानवालीच्या बोटाखाली होती. खाली ओढली की मी मुका. तिने बोट हलवलं नाही.

"ऐकू आलं ना? बंद कर."

"अडकलीय, साहेब."

"अडकलीय म्हणजे?"

"म्हणजे हलत नाहीये."

तोवर माझी बाई बोलत होती. "घरात कोण कधी काय बोलतं, तेवढ्यावर माणूस ठरवायचा झाला तर आपल्यातलं कुणीच सुटणार नाही. मला मत द्यायचं तर गाण्यासाठी द्या. त्याला शिक्षा म्हणून देऊ नका." आणि वाद्यवृंदाकडे वळून ती म्हणाली, "चला, सुरू करा."

गाणं चांगलं झालं. फार चांगलं नाही. आवाज थोडा थरथरत होता. खोटं कशाला सांगू?

त्या आठवड्यात ती बाहेर पडली. तुम्ही चुकलात असं कुणी सांगितलेलं माणसांना आवडत नाही, हे भाषणांच्या काळातच मला कळायला हवं होतं. शेवटी जिंकली एक तरुण मुलगी. नाच शिकलेली, आवाज मधासारखा. उगाच नावं ठेवणार नाही, ती योग्यच होती.

चॅनेलने आमच्या मालकाला कळवलं, पुन्हा ही कानवाली पाठवू नका. मालक हुशार. त्याने कानवालीला नाटकाच्या कामावर घातलं आणि आमची पेटीही तिच्याबरोबर नाट्यगृहात आली. तिथे कॉलर गेली. नाटकात आम्हाला केसांत लपवतात, कपाळाच्या वर. घाम भरपूर, पण मान मोठा.

तालमी चालू असताना एके दुपारी दिग्दर्शिकेने माझ्या बाईला बोलावून घेतलं. लॅबचा ओळखपत्राचा पट्टा गळ्यात तसाच ठेवून ती धावत आली होती.

"आठवड्याला आठ प्रयोग आहेत," दिग्दर्शिका म्हणाली. "ती पोर एकटीने केले तर घसा फाडून घेईल. दुपारचे तू करशील का? पाटीवर नाव लहान असेल."

"किती लहान?"

"चष्मा लागेल."

"करते," ती म्हणाली.

मास्तरला कुणी कुठल्या भूमिकेसाठी विचारलं नाही. शेवट गोड व्हावा म्हणून मी खोटं सांगणार नाही. त्याला ते लागलं. पहिल्या दुपारच्या प्रयोगाला तो आईला सोडायला आला आणि गाडी लावायची म्हणून बाहेरच राहिला. सासूबाई पहिल्या रांगेत. नाट्यगृह अर्धं रिकामं. दुसरी घंटा झाली तशी माझी बाई विंगेतून एका डोळ्याने बघत होती. मागच्या दारातून कुणीतरी अंधारात चाचपडत आलं आणि शेवटच्या रांगेत बसलं. तिने खोल श्वास घेतला, आणि मी नाटकाच्या कामाला लागलो.

त्यानंतर त्याची एकही दुपार चुकली नाही. कधी पहिल्या अंकानंतर येतो, कारण शिकाऊ लोक वेळेवर येत नाहीत. एकदा प्रयोगानंतर तो रंगपटात आला. ती केसांतल्या पिना काढत होती. मला काढून टेबलावर ठेवलं होतं, डबीचं बटण बंद. तो तिच्या मागे उभा राहून काहीतरी बोलला. ती आरशात बघत राहिली, मग वळली. काय बोलला ते मी सांगणार नाही. बटण बंद होतं.

आता माझं वय झालंय. घामाने वायर कडक झालीय, उंच सुरांना मी खरखरतो. कानवाली मला लवकरच पेटीतून काढेल आणि जागेवर नवा येईल. तक्रार नाही. वाट्याला भाषणंही आली आणि ही बाईही आली, हिशोब जमला.

जाता जाता एकच मागणं आहे. तुम्हाला कधी कुणी माईक लावला, तर काम झाल्यावर आधी तो काढून द्या. मग खुशाल भांडा, आणि भांडाल ते पूर्ण भांडा.