हात मिळवल्याशिवाय

संपाचा ठराव मांडताना माणसाने निदान एवढं तरी बघावं, की आपलं चर्च गेटाच्या आत आहे की बाहेर. भाऊने नाही बघितलं. सभेत उभा राहिला आणि छाती काढून म्हणाला, "गेट म्हणजे गेट! संप मिटेपर्यंत आपल्यातलं कोणीही, कुठल्याही कारणासाठी आत पाऊल टाकणार नाही." सगळ्यांनी हात वर केले. घ्या आता! धुलाईखान्याच्या आवाराला गेट एकच, आणि चर्च त्याच आवारात, बॉयलरच्या धुराड्यापासून हाकेच्या अंतरावर. टाळ्या वाजत होत्या तेव्हा हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. आलं ते घरी जाताना, आणि तोवर शब्द तोंडातून गेलेला होता.

धुलाईखाना चर्चच्याच संस्थेचा. शहरातल्या दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. भाऊ बॉयलर सांभाळायचा. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो त्या वाफेत उभा होता, आता डोक्यावर केस नव्हते. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. फक्त त्याची मोठी बहीण त्याला बाळ्या म्हणायची, आणि ते चारचौघांत म्हणायची, म्हणजे कल्पना करा.

संप झाला तो रोलरवरून. ओली चादर या बाजूने आत सरकवायची, ती त्या बाजूने कडकडीत इस्त्री होऊन बाहेर येते. हात आत जाऊ नये म्हणून रोलरच्या पुढे एक लोखंडी दांडा असतो. तो मोडला होता. कितीदा सांगून झालं, पण दांडा लावला की काम मंदावतं, म्हणून आज लावू, उद्या लावू असं चाललं होतं. शेवटी रोलरवरच्या मावशीची दोन बोटं आत गेली. संस्थेने दवाखान्याचा सगळा खर्च केला. रविवारी चर्चमध्ये मावशीसाठी प्रार्थना झाली. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, प्रार्थना सांगता सांगता रडले, आणि ते सोंग नव्हतं, माणूस खरंच मऊ मनाचा. पण सोमवारी मावशीच्या जागी दुसरी बाई उभी राहिली आणि दांडा काही लागला नव्हता.

"प्रार्थनेला यांना वेळ आहे, दांड्याला नाही," असं भाऊ सभेत म्हणाला. हे वाक्य फार गाजलं. युनियनच्या लोकांनी ते फलकावर लिहिलं. चर्चच्या लोकांनी ते वाचलं.

तेव्हापासून गडी दोन्हीकडून गेला. भाऊच्या मते हे सगळं एकच होतं. गरिबाच्या बाजूने उभं राहायचं हे तो चर्चच्या बाकावर शिकला, आणि उभं कसं राहायचं हे युनियनच्या सतरंजीवर. पण हे सांगणार कोणाला? चर्चमध्ये सांगावं तर ते म्हणत, हा लाल झाला. युनियनमध्ये सांगावं तर ते गालातल्या गालात हसत. युनियनचे सेक्रेटरी पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते एका रविवारी गेटावर त्याला म्हणाले, "काय कॉम्रेड, आज तुमच्या येशूची सुट्टी वाटतं?"

"त्याला कसली सुट्टी मास्तर," भाऊ म्हणाला. "त्याची कुठे युनियन आहे!"

मास्तर खो खो हसले, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि पुन्हा पत्रकात डोकं घालून बसले. माणसं वाईट नव्हती हो. चहा आणून द्यायची, तब्येत विचारायची. पण रविवारी आतून गाणं ऐकू आलं की भाऊच्या ओठांवर आपोआप तेच शब्द का यायचे, हे त्यांच्यापैकी एकालाही कळलं नसतं. भाऊला फार एकटं वाटायचं. सरळ सांगितलेलं बरं.

घरी तर त्याहून आनंद. घरात ताई आणि तो, दोघंच. आईबाप लवकर गेले, संस्थेच्या वसतिगृहात दोघं वाढली, याला मार्गी लावता लावता ताईचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. संप सुरू झाला त्या संध्याकाळी ती वाढता वाढता म्हणाली, "बाळ्या, निदान खाल्ल्या मिठाला तरी जाग. कोणी वाढवलं आपल्याला?"

भाऊ दिवसभराचा तापलेला. तो म्हणाला, "तुझा देव बसलाय विश्वस्तांच्या खिशात. त्याला म्हणावं, तिथेच बस, बाहेर येऊ नकोस."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते असं. ताईने वाढायचा डाव खाली ठेवला आणि आत गेली. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वेळेवर, कपडे घडी करून, सगळं जागच्या जागी. बोलायचं झालं तर भिंतीशी. "जेवण झाकून ठेवलंय. मीठ कमी वाटलं तर बरणी फळीवर आहे," असं ती भिंतीला सांगायची, आणि भाऊही भिंतीलाच "बरं" म्हणायचा. भिंतीचं काय जातंय!

आता त्या चर्चच्या मंडळीची एक जुनी रीत सांगितली पाहिजे. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायच्या आधी, पाळक सगळ्यांना उभं करून विचारायचे, "कोणाचं कोणाशी बिनसलंय का?" बिनसलं असेल त्याने पुढे जायचं आणि त्या माणसाशी हात मिळवायचा. हात मिळवल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही. आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. मागे दोन जावांचं शिलाई मशीनवरून फाटलं, तर दोघी वर्षभर प्रभुभोजनाशिवाय बसून राहिल्या, पण खोटा हात एकीनेही दिला नाही.

भाऊला वाटायचं, ताई आत भाकर घेत असणार. आपल्याकडे हात मिळवायला आली नाही, म्हणजे तिच्या लेखी हे भांडणच नाही. भांडण आपल्या माणसाशी होतं. देव सोडलेल्या माणसाशी कसलं आलंय भांडण? हे मनात आलं की त्याला रडू यायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

त्यात ताईचं दुखणं निघालं. चालताना धाप लागायची, ती तिने अंगावर काढली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, हृदयाचं, मोठ्या शहरात. सोमवारी भरती व्हायचं होतं. ही बातमीसुद्धा भाऊला भिंतीकडूनच कळली. "मी बरोबर येतो," तो म्हणाला. भिंत काही बोलली नाही.

आदल्या रविवारी भाऊ गेटावर बसला होता. गेटाबाहेर ताडपत्री बांधली होती, तिच्याखाली मास्तर, मावशी आणि आणखी चारपाच जण. मावशीच्या हाताची पट्टी आता सुटली होती. उपासनेला आलेले लोक एकेक करून आत जात होते, भाऊकडे न बघता. ताईही गेली. जिना चढावा तशी सपाट रस्त्यावर थांबत थांबत गेली. भाऊ उठून उभा राहिला होता. तिने बघितलं नाही.

थोड्या वेळाने पाळकसाहेब स्वतः झगा सावरत गेटाशी आले. ते आतल्या बाजूला थांबले, भाऊ बाहेरच्या.

"भाऊ, एक विचारू? तुम्हाला माहीत आहे का, संप सुरू झाल्यापासून ताईंनी प्रभुभोजन घेतलेलं नाही?"

भाऊ गेटाला चिकटून उभा राहिला.

"भाकरीचं ताट पुढे आलं की त्या मान हलवतात. मी विचारलं तर म्हणाल्या, भाऊ बाहेर आहे, आमचं बिनसलंय, मी कशी घेऊ? उद्या त्यांचं... तुम्हाला माहीतच आहे. आज तरी घ्यावं असं त्यांना फार वाटतंय. पाच मिनिटं आत या."

इतके दिवस भाऊ जिला दगड समजत होता ती त्याच्यासाठी उपाशी बसली होती! आणि हा शहाणा गेटावर बसून स्वतःची कीव करत होता.

"पाळकसाहेब, तुम्हीच भाकर बाहेर आणा ना. इथे ताडपत्रीखाली. ताई येईल, मी येईन, ज्याला यायचं तो येईल."

पाळकसाहेबांनी मागे वळून चर्चकडे बघितलं. विश्वस्त पहिल्या बाकावर असायचे. "मी भाकरीचं टेबल गेटाबाहेर मांडलं तर उद्या म्हणतील, पाळक संपात उतरले. माझ्या हातात असतं तर... नाही जमायचं भाऊ." बिचारे खरंच ओशाळले होते. ते परत गेले.

मास्तरांनी सगळं ऐकलं होतं. ते उठून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जा रे, जाऊन ये. बहिणीचा प्रश्न आहे. आम्ही तिकडे तोंड करून बसतो. तुझ्या देवाशी माझं वाकडं, तुझ्या बहिणीशी नाही."

भाऊने मावशीकडे बघितलं. गेल्या महिन्यात मावशीच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या स्मरणाची प्रार्थना चर्चमध्ये ठेवली होती. मावशीही याच चर्चमधली. तिने भाऊला विचारलं होतं, तासभर जाऊ का आत? आणि भाऊ म्हणाला होता, "मावशी, आज तुला सोडलं तर उद्या कोणाला अडवू? गेट म्हणजे गेट." तिची प्रार्थना तिच्यावाचून झाली. जिच्या बोटांसाठी संप, तिलाच हा नियम!

"जा की," मावशी म्हणाली. "मी कुठे काय म्हणतेय?" आणि ती रस्त्याकडे बघू लागली.

भाऊ गेला नाही. गज धरून उभा राहिला आणि ओरडला. भर उपासनेच्या वेळी, बॉयलरवाल्या आवाजात, "ताई! ए ताई!"

चर्चच्या दारात डोकी दिसली. मग ताई बाहेर आली. छातीवर हात ठेवून, धापा टाकत ती गेटाशी आली. "ओरडतोस काय बाळ्या? देवाच्या घरात आहेत लोक." इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती भिंतीला सोडून त्याच्याशी बोलली होती.

"ताई, त्या दिवशी मी बोललो ते चुकलो. देव खिशात नाही कोणाच्या. मला माहीत आहे. मी रोज मागतो त्याच्याकडे, तुझ्यासाठीच मागतो."

ताईचे डोळे भरले. "मग आत ये."

"आत नाही येत."

"म्हणजे संप तुला माझ्याहून मोठा?"

"तसं नाही गं. मी दुसऱ्याला अडवलंय. आता मी कोणत्या तोंडाने येऊ?"

"संप चुकीचा आहे एवढं तरी म्हण."

"ते नाही म्हणणार. चुकीचा नाहीच तो."

ताईने पदराने डोळे पुसले. "लहानपणापासून असाच," ती म्हणाली. "मारलं तरी रडायचा नाहीस. मला तुझा संप पटलेला नाही, सांगून ठेवते. पटणारही नाही."

"नको पटू दे."

मग तिने गजांतून हात बाहेर काढला. थंडगार हात, निळसर नखं. भाऊने तो दोन्ही हातांत धरला आणि भर रस्त्यात, कॉम्रेड लोकांसमोर, ढसाढसा रडला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ताई म्हणाली, "सोड आता. ताट फिरायची वेळ झाली." ती गेली, आणि या वेळी दारातून वळून तिने बघितलं.

भाऊचं काळीज हलकं झालं. खिडक्या उघड्या होत्या. आतून पाळकसाहेबांचा आवाज आला, "कोणाचं कोणाशी बिनसलंय का?" आणि इतक्या वर्षांची सवय, भाऊ तिथेच ताठ उभा राहिला. आपलं आता कोणाशी नाही, असं मनात म्हणता म्हणता त्याची नजर शेजारी गेली. मावशीही उभी होती. तीही सवयीनेच. तिचा चांगला हात पदरात गुंडाळलेला होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

भाऊच्या आता ध्यानात आलं. रोज एका ताडपत्रीखाली बसत होतो, एका किटलीतला चहा पीत होतो, आणि हिच्याशीही आपलं बिनसलंय हे कधी मनातही आलं नाही. त्याने हात पुढे केला. "मावशी, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली. "तू बरोबरच बोललास. ठरावाला मीही हात वर केला होता."

"तरी माफ कर."

मावशीने त्याच्या हाताकडे बघितलं. "माझ्या माणसाचं नाव घेतलं तेव्हा त्या बाकावर त्याचं कोणी नव्हतं रे भाऊ. आता संप जिंकलास तरी तो दिवस काही परत यायचा नाही. आज नको. मनात नसताना हात दिला तर तो खोटा होईल. रीत आपलीच ना?"

"आपलीच," भाऊ म्हणाला.

"मग बस. उन्हात उभा राहू नकोस."

तो बसला. मावशीने त्याला जागा करून दिली, दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडून. आत गाणं झालं आणि थांबलं, म्हणजे ताट फिरत असणार, ताईने या वेळी मान हलवली नसणार. भाऊने डोळे मिटले. मावशीशी हात मिळवला नव्हता. गेटाचा नियम नसता आणि तो आत असता, तरी आज ताट त्याच्या पुढ्यातून तसंच पुढे गेलं असतं.