अर्धं गाणं

कानबाईदेवीच्या विसर्जनाला स्पीकर लावायचा हट्ट दिपमालाचाच. नववीतली पोर, पण आजीशी भांडायला वकिलासारखी तयार. "आजी, तुझ्या गाण्यांवर माणसं पेंगतात गं."

"आनि तुना गानावर भिंती हालतस," आजी भिकुबाई म्हणाली आणि ओट्यावर बसून राहिली.

कानबाईला डोक्यावर घेऊन मिरवणूक नदीकडे निघाली तरी आजी उठेना. दरसाल सगळ्यांच्या पुढे राहून गाणारी ही बाई. नाचणाऱ्यांच्या शिव्या खात दिपमालाने स्पीकर बंद केला. "म्हण आता. कुणी अडवत नाही."

"कानबाई, कोणत्या वाटेनं आलीस?" भिकुबाईने पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

"पुढे?" दिपमालाने विचारलं.

"मी ईचारू, धनीबाई सांगे. पन्नास साल आसंच चालनं. तिनी ओळ माले कधी उनीच नही."

तिच्या जोडीला गाणारी धनीबाई चैत्रात वारली होती. धनीबाईच्या लेकीसुनांपैकी कुणालाच ती जबाबाची ओळ येत नव्हती. भिकुबाईने तीच ओळ पुन्हा, जरा हळू म्हटली आणि वाट पाहिली.

"लाव माय तुना स्पीकर," ती शेवटी म्हणाली. "देवीले मुकी धाडानी नही."

दिपमालाने लावला. नाचायला मात्र तिचे पाय उचलेनात.