बॉनेटखालची हळद

काटोलला कोजागरीचं कीर्तन होतं. बुवांना घेऊन आम्ही दुपारीच नंदनवन वस्तीतून निघालो. गाडी दादाजींची, ते संत्र्याचे व्यापारी, चालवणारा रुपराव. मागं दादाजींच्या पत्नी कौसल्याबाई, बुवा आणि झांजांची पिशवी मांडीवर घेतलेला मी. एरवी बुवांसोबतचा प्रवास म्हणजे निम्मं कीर्तन रस्त्यातच व्हायचं. त्या दिवशी मात्र कोणी बोलेना. इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर सगळ्यांचे डोळे.

निघताना दादाजींनी सर्वांदेखत सांगितलं होतं, गाडी आज पुन्हा तापली तर रुपरावनं किल्ली द्यायची आणि बसनं घरी जायचं. रेडिएटरमधलं पाणी रोज कमी व्हायचं. रुपराव म्हणायचा, सकाळी काठोकाठ भरतो. दादाजींनी रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून पाहिलं, तर सकाळी ते कोरडं ठणठणीत. पाणी गळत नाही, म्हणजे ते भरलंच जात नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. रुपराव मिसरूड फुटल्यापासून त्यांच्याकडे होता. नोकरी जाईल याहून खोटारडा ठरून जाईल, हेच त्याला जास्त लागलं होतं.

फेटरी गावाच्या पुढे काटा वर सरकला. रुपरावनं गाडी लिंबाखाली घेतली. इंजिन बंद होताच दादाजींनी हात लांबवून किल्ली काढली आणि मुठीत धरली.

"म्या भरलं होतं जी," रुपराव म्हणाला.

"मंग गेलं कुठं? देव येऊन पिऊन गेला काय गा?"

इंजिन निवेपर्यंत रुपराव उन्हातच उभा राहिला. मग फडकं धरून झाकण उघडलं, तर पाणी पार खाली गेलेलं. त्यानं एकेक रबरी नळी चाचपली. सगळ्या कोरड्या. बुवाही वाकून पाहत होते. धुराच्या जाड नळ्यामागे, इंजिनाच्या अंगाला, त्यांना काही पिवळं दिसलं. त्यांनी विचारलं.

"दसऱ्याच्या पूजेची हळद हाये ते, बुवा. पुसतानी म्या मुद्दाम सोडतो."

दादाजींनीही ती पाहिली होती. त्यांनी तर तिला हात जोडले होते. आम्हा सगळ्यांना ते पटलं.

तेवढ्यात कौसल्याबाई गाडीतून उतरल्या. पदर सावरून वाकल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे मी लावलेली नाही," त्या म्हणाल्या.

"तू नाही तं कोणं? पूजा तूच केली."

"केली ना. पण हळदीवर कुंकू लावल्याबिगर मी हात उचलत नाही. इथं कुंकू दाखवा मले. अन् त्या नळ्यामागं माह्या बांगड्या तरी जातीन काय?"

कौसल्याबाई रुपरावकडे वळल्या. दसऱ्याआधी एक नळी जराशी पाझरत होती, तेव्हा तो त्यांच्याच स्वयंपाकघरातून मूठभर हळद मागून घेऊन गेला होता. ती रेडिएटरमध्ये टाकली की छिद्रात बसते आणि गळती थांबते, असा ड्रायव्हर लोकांचा उपाय. त्यांनी त्याला तेवढी आठवण करून दिली.

रुपरावचा हात फडक्यासकट थांबला. "थेच बाहेर आली जी. पाण्यासंगं."

आता इंजिन तापवून पाहणं एवढंच उरलं होतं. जवळच्या विहिरीवरून पाणी आणलं, रेडिएटर भरला, झाकण घट्ट लावलं. दादाजींनी मुठीकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, देत नाहीत. मग त्यांनी किल्ली पुढे केली.

गाडी सुरू झाली. काटा चढू लागला आणि आम्ही सगळे त्या पिवळ्या ओघळावर वाकलो. कीर्तनात भक्ताची परीक्षा चाललेली असते तेव्हा झांजेला झांज लागू नये असं मला वाटतं, तसं झालं. काही दिसेना. दादाजी मान हलवायला लागले. रुपरावचे ओठ हलत होते, कोणाचं नाव घेत होता कोण जाणे.

आणि नळ्यामागच्या लोखंडी चकतीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा थेंब फुगला. पिवळसर. तो तापलेल्या नळ्यावर पडला, चर्रकन वाजला आणि नाहीसा झाला. मागून दुसरा. खाली जमीन कोरडीच.

इंजिनातल्या पाण्याच्या वाटेचं तोंड बंद करणारी ती चकती, गंज चढून तिला बारीक छिद्र पडलं होतं. इंजिन तापून आतलं पाणी जोर करी तेव्हाच ते वाहायचं. थंड गाडीखालचं वर्तमानपत्र भिजणार कुठून? तिसरा थेंब दादाजींनी पडण्याआधीच बोटावर घेतला. बोट पोळलं असणार, पण त्यांनी ते मागं घेतलं नाही.

आत जोर धरू नये म्हणून रुपरावनं झाकण सैल ठेवलं आणि गाडी हळू हाकली. पाण्याचा डबा दादाजींनी आपल्या मांडीवर घेतला. दर थांब्याला तेच उतरून पाणी घालत. रुपराव उतरू लागला की म्हणत, "तू बस गा."

पोचलो तेव्हा मंडप भरला होता. बुवांनी तसंच धुळीच्या पायांनी नमन धरलं. पूर्वरंग संपल्यावर बुवांना हार घालून बुक्का लावायचा मान दादाजींचा होता. तो झाल्यावर ते तबक घेऊन मंडपाच्या टोकाशी गेले, जिथं रुपराव खांबाला टेकून ऐकत होता. रुपराव गडबडून उभा राहिला. दादाजींनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला.

त्यांच्या त्या बोटाची हळद अजून गेली नव्हती. काळ्या बुक्क्याच्या कडेला तिची पिवळी रेघ उमटली, ती कीर्तन संपेपर्यंत रुपरावनं पुसली नाही.